घुंगरू दिसतं, बाजार दिसत नाही

‘चित्रात तुम्हाला आधी काय दिसलं, झाड की चेहरा?’ अशा चाचण्या हल्ली सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात. त्यावरून घाबरून माझ्याकडे येणारे पालक वाढले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या आईबापांची काळजी हीच होती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा पाचवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. चित्रवर्णनाला आठवडी बाजाराचं चित्र आलं होतं. त्यानं लिहिलं: बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू तुटलं आहे, तराजूचं एक पारडं वाकडं आहे, म्हातारीच्या लुगड्याला ठिगळ आहे. बाजाराचं नाव कुठंच नाही. ‘मुद्दा सोडून लिहितो’ म्हणून गुरुजींनी गुण कापले. मग एका नातेवाइकानं त्याच्याकडून मोबाइलवरची चाचणी करून घेतली आणि ही स्वमग्नता (ऑटिझम) आहे, असं सांगून टाकलं.

‘मॅडम, माह्या लेकराच्या डोक्यात काही बिघाड तं नाही ना?’ एवढं विचारून ताई रडायलाच लागल्या.

मी आधी डोळ्यांचं विचारलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन गेलं होतं, नजर चांगली होती. मग लहानपणापासूनचं सगळं विचारलं. बोलायला वेळेवर लागला, बोट दाखवून वस्तू मागायचा, कबड्डीत रमतो, धाकट्या बहिणीची थट्टा करतो, आई रागावली की चेहऱ्यावरूनच ओळखतो. स्वमग्नता अशाच गोष्टींवरून ओळखतात: माणसांशी जोडलं जाणं, संवाद, तेच ते पुन्हा करत राहणं. एका चित्रावरून कुणी ती ठरवत असेल, तर त्याचं ऐकू नका.

नातेवाइकाच्या कानावर काहीतरी अर्धवट आलं असणार. 1983 मध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी गुंतागुंतीच्या चित्रात दडलेला छोटा आकार शोधायला दिला, तेव्हा स्वमग्न मुलांची कामगिरी सरस ठरली होती. पण म्हणून बारकावे टिपणारं प्रत्येक मूल स्वमग्न, असा उलटा अर्थ त्यातून निघत नाही.

मुलासाठी मी एक कागद केला: बारीक बारीक ‘प’ मांडून बनवलेला मोठा ‘ग’. ही कल्पना डेव्हिड नॅव्हन या मानसशास्त्रज्ञाची. 1977 मध्ये त्यांनी लहान अक्षरांपासून बनलेली मोठी अक्षरं लोकांना दाखवली. मोठं अक्षर लोक लवकर ओळखत. लहान अक्षर सांगायचं असलं की मोठं मध्ये लुडबुड करी, उलट मात्र होत नसे.

‘काय दिसतं?’ मी विचारलं. तो लगेच म्हणाला, ‘प.’

‘आता फक्त मोठं अक्षर सांग.’

‘ग.’ क्षणभरही अडखळला नाही. पुढच्या चार-पाच कागदांवरही तसंच.

माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं ते हेच. त्याची नजर आधी बारकाव्याकडे जाते, पण सांगितलं की अख्खं चित्रही त्याला सहज दिसतं. ओढ वेगळी आणि क्षमता वेगळी. शिवाय ही ओढ सगळीकडे सारखी नसते. नामिबियातल्या हिंबा लोकांचा कल अशा आकृत्यांमध्ये बारीक आकारांकडे जास्त आढळला आहे. आकृती किती मोठी दिसते, यावरही निकाल बदलतो, त्यामुळे मोबाइल डोळ्यांजवळ धरला की लांब, हे तिथं महत्त्वाचं ठरतं. माझा कागदसुद्धा निदानासाठी नव्हता. मूल कसं पाहतं, ते आईबापांना समोर दिसावं म्हणून होता.

इतका वेळ गप्प बसलेले वडील तेव्हा बोलले. ‘मॅडम, पऱ्हाटीत डोमकळी मले दिसत नाही, याले दिसते. बांधावरूनच सांगते.’ गुलाबी बोंडअळीनं मिटवून टाकलेलं कपाशीचं फूल म्हणजे डोमकळी. 2017 च्या हंगामात या अळीनं विदर्भातली किती शेतं धुऊन नेली, ते इथल्या माणसाला सांगायला नको. ही नजर घरात आहे, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि मी तो मुलासमोरच बोलून दाखवला.

शाळेसाठी उपाय साधा सुचवला. चित्र मिळालं की पेन खाली ठेवायचा, कागद हात लांब करून धरायचा आणि पहिलं वाक्य एकाच प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहायचं: इथं काय चाललंय? घुंगरू, पारडं, ठिगळ सगळं त्यानंतर, आणि त्यातलं काहीही गाळायचं नाही. गुरुजींशी फोनवर बोलले. त्यांनी मनावर घेतलं, वर्गात सगळ्यांनाच तसं लिहायला लावलं.

पुढच्या भेटीत ताईंनी वही आणली. पहिलं वाक्य होतं, ‘हे एसटी स्टँड आहे आणि गाडी सुटायची घाई आहे.’ दुसरं वाक्य कंडक्टरच्या तुटक्या गुंडीवर. धड्याचा सारांश लिहिताना मात्र तो अजून अडतो, तिथं वेळ लागेल. ‘शिष्यवृत्तीच्या परीक्षेत जमन का याले?’ वडिलांनी विचारलं. आकृत्यांच्या प्रश्नांत त्याची नजर कामाला येईल, उताऱ्यांवर आत्तापासून रोज थोडं बसवा, असं मी सांगितलं.