कधीच एका दिवसापेक्षा जास्त न चाललेल्या बाईला नर्मदाकाठची पाच दिवसांची पदयात्रा झेपेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 46, राहणं इंदूरला, रोजचं चालणं म्हणजे कॉलनीच्या बागेत चार फेऱ्या, आणि मैत्रिणीने परस्पर तुमचं नाव डिसेंबरमधल्या ओंकारेश्वर ते महेश्वर अशा बायकांच्या पदयात्रेत घातलंय. वाटाड्या सोबत आहे, सामानाला गाडी आहे, तरी 'सगळ्यांत मागे मीच पडले तर?' ही धास्ती. घरून 'गुडघे सांभाळ' हा आहेरही मिळालाच असेल.

मी हे चालणं दोनदा केलंय. पहिल्यांदा चोपन्नाव्या वर्षी, ते फसलं. दुसऱ्यांदा त्यानंतर दोन वर्षांनी, ते जमलं. मधल्या काळात गुडघे काही तरुण झाले नव्हते. दोन्ही वेळा सगळ्यांत मागे मीच होते, म्हणून तुमच्या धास्तीबद्दल अधिकाराने बोलू शकते.

पहिल्या खेपेला आम्ही बावीस जणी आणि पुढे एक वाटाड्या, तरुण, तरतरीत मुलगा. तो भराभर पुढे जायचा, एखाद्या पंपावर किंवा देवळात थांबायचा आणि बाकीच्यांची वाट बघायचा. ऐकायला यात काही वावगं नाही. पण गंमत बघा. पुढच्या बायका पोचल्या की बसायच्या, पाणी प्यायच्या, चहा घ्यायच्या. मी वीस मिनिटांनी पोचले की सगळ्या म्हणायच्या, "आल्या वहिनी, चला आता." म्हणजे ज्या बाईला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, तिलाच ती मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी टोकसरच्या पुढे कापसाच्या शेतात वाटेला तीन फाटे फुटले आणि पुढे कोणीच दिसेना. फोनला रेंज नाही. बांधावर बसून राहिले, अर्धा-पाऊण तास. शेवटी मोटरसायकलवरून जाणाऱ्या एका पोराने विचारलं, "बाई, आपके साथवाले तो पंप पे बैठे हैं, आप यहाँ क्यों?" त्याच्या मागे बसून गेले. तिसऱ्या दिवशी सनावदहून बस पकडली आणि घरी येऊन सांगितलं की गुडघा दुखला. गुडघ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं.

दुसऱ्या खेपेचा गट बायकांनीच काढलेला. चौदा जणी, पुढे एक ताई आणि सगळ्यांत शेवटी निमाडचीच, म्हणजे या नर्मदाकाठच्या भागातलीच एक बाई, पन्नाशीची, पायात साधे कॅनव्हासचे बूट, हातात बांबू. तिला सगळ्या 'पिछाडी' म्हणायच्या. तिचं काम एकच, तिच्या मागे कोणी राहता कामा नये. मी बसायला लागले की म्हणायची, "बैठो मत बाई, खड़े-खड़े साँस लो." त्या गटाचा नियम असा की थांब्याची दहा मिनिटं शेवटची बाई पोचल्यावर मोजायची. आणि चहानंतर निघताना सगळ्यांत हळू चालणाऱ्या दोघींना पुढे काढायचं, मग आपोआप सगळ्यांचा वेग आवरतो. एवढंच. पण तेवढ्यावर मी महेश्वरला पोचले.

तेव्हा आयोजकांना फोन करून पहिला प्रश्न हाच विचारा, शेवटी कोण चालतं? उत्तर 'अहो, आमच्याकडे कोणी मागे राहतच नाही' असं आलं तर मैत्रिणीची समजूत काढा आणि दुसरा गट शोधा. मागोमाग विचारा की सामानाची गाडी दिवसातून किती ठिकाणी भेटते. आमचा छोटा हत्ती, म्हणजे सामानाचा छोटा टेम्पो, दुपारपर्यंत दोनदा भेटायचा. ज्या दिवशी पाय अगदीच चालेनासे होतील त्या दिवशी चार किलोमीटर त्यात बसून जायची मुभा आहे का, हेही विचारून ठेवा. मी चौथ्या दिवशी बसले. कोणी हसलं नाही. दोघी तर माझ्या मागोमाग चढल्या.

अंतराचं म्हणाल तर काठाकाठाने, वळसे धरून, माझ्या फोनने 74 किलोमीटर मोजले. दिवसाला 15 धरा. सकाळी साडेसहाला निघायचं आणि एकच्या आत मुक्कामी टेकायचं. डिसेंबर असला तरी निमाडचं दुपारचं ऊन इंदूरसारखं नाही, घाट उतरलं की हवा बदलते. पहाटे मात्र शाल लागते.

पहिला दिवस उत्साहात निघून जातो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठताना पोटऱ्या दगड झालेल्या असतात तेव्हा. म्हणून तयारी करताना एका दिवशी खूप चालण्यापेक्षा लागोपाठ दोन दिवस चाला. शनिवारी दहा किलोमीटर, रविवारी पुन्हा दहा, निदान सहा आठवडे. एका दिवशी रालामंडळ चढा, वर होळकरांच्या शिकारवाड्यापर्यंतचा चढ-उतार गुडघ्यांना बरोबर जागं करतो. दुसऱ्या दिवशी पिपल्यापाळ्याच्या रीजनल पार्कात सपाटीवर फेऱ्या. पाठीवर पाच किलोची कणकेची पिशवी टाकून चाला, लोक बघतात, बघू देत. शेवटच्या पंधरवड्यात एकदा जानापावला जाऊन या. चंबळ उगम पावते ती टेकडी, महूच्या पुढे. परत येताना पोह्यांवर ताव मारायला हरकत नाही.

आता पाय. यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण बायका वाटेत सोडतात त्या बहुतेक दमल्यामुळे नाही, फोडांमुळे. दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच दिवशी डाव्या टाचेला काहीतरी चुरचुरायला लागलं. मी म्हटलं पुढच्या थांब्याला बघू. पिछाडीने माझी चाल बघितली आणि तिथेच बांधावर बसवलं, "जूता निकालो." मोजा उलटा केला तर टाचेवर गवताचं एक कुसळ आडवं रुतलेलं, दिसेल न दिसेल असं, आणि त्याखाली रुपयाएवढा लाल डाग. फोड अजून आला नव्हता. तिने पदराने टाच कोरडी केली, कापडी चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला, कोपरे गोल केले (चौकोनी कोपरा मोज्याला अडकून उलटतो, हे तिनेच सांगितलं) आणि दाबून लावला. चार मिनिटं गेली. तो तुकडा महेश्वरच्या घाटावर मी काढला. त्याच दिवशी आमच्यातली एक, 'आता कुठे थांबायचं' म्हणून तशीच चालत राहिली, तिला संध्याकाळी लिंबाएवढा फोड. तिने सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवला, आजीचा उपाय म्हणून. पुढे चालणाऱ्या ताईंनी तो काढायला लावला, असा दोरा आत ठेवला की जंतू आत जायला वाटच मिळते. फोड न फोडता झाकलेला बरा.

तर नियम असा की चुरचुरलं की थांबायचं, दुखेपर्यंत वाट बघायची नाही. थांबा म्हणायला लाज वाटते, मला माहीत आहे. आपण आयुष्यभर 'माझ्यामुळे कोणाचा खोळंबा नको' हेच शिकलेल्या. तिथे ते पाच दिवस विसरा. नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा, अगदी मुळापर्यंत नको. मोज्यांचे तीन जोड, एक पायात, एक कोरडा, एक पिशवीवर वाळत. काळी माती ओली असेल तर बुटांना तळाशी भाकरीएवढी चिकटते आणि पाय दोन किलोंनी जड होतो. पिछाडीचा बांबू तेव्हा खरवडायला कामाला आला.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायचं होतं ते सांगते. शौचाला. मुक्कामी बहुतेक ठिकाणी सोय असते, आश्रमात किंवा शाळेत, पण वाटेत शेतच. आम्ही दोघी-दोघी जायचो, एक छत्री उघडून धरायची. पिछाडीकडे खुरपं असायचं. पहाटे अंधारात जायचं तर टॉर्च जमिनीवर धरून. बायका भीतीने पाणी पिणं कमी करतात, ते मात्र करू नका. मी पहिल्या खेपेला तसंच केलं आणि दुपारपर्यंत डोकं ठणकत होतं. पाळीची तारीख पुढे ढकलणारी गोळी घ्यायची का हे तुमच्या डॉक्टरला विचारा. गोळी न घेता जायचं असेल तर कापडाच्या दोन जादा पिशव्या ठेवा, वापरलेलं परत आणायला. बीपी-शुगरची गोळी सामानाच्या गाडीत नाही, अंगावरच्या पिशवीत.

नदीबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. ओंकारेश्वरला वर धरण आहे, पाणी सोडतात आणि खाली पातळी बघता बघता वाढते. भोंगा वाजतो. सकाळी चालत गेलात ती वाळू दुपारी पाण्याखाली असू शकते. 2005 च्या एप्रिलमध्ये वरच्या अंगाला धाराजीला अमावास्येच्या यात्रेत इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी रात्री घाटावर आलं आणि साठाहून जास्त माणसं वाहून गेली. आंघोळ करायची ती वाटाड्या सांगेल त्या घाटावर, काठाकाठाने, आणि दगडावर मोबाईल घेऊन बसायचं नाही.

बाकी वाट सुंदर आहे. दक्षिण तटाने पश्चिमेला चालायचं, नदी कायम उजव्या हाताला. परिक्रमावासी भेटतात, 'नर्मदे हर' म्हटलं की चहा ठरलेला. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. 28 एप्रिल 1740 ला ते तिथे गेले. आम्ही पोचलो तेव्हा तिथे आमच्याखेरीज दोन शेळ्या आणि एक राखणदार. शाळेत सनावळी पाठ करताना हे नदीकाठचं असं निवांत ठिकाण डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं. तिथून जवळच बकावां, नर्मदेतले दगड घासून शिवलिंगं करणारं गाव. अंगणाअंगणातून यंत्राची घरघर, अंगावर पांढरी धूळ. एका बाईने माझ्या हातात अर्धवट झालेलं लिंग ठेवलं, एक बाजू आरशासारखी, दुसरी अजून दगडच.

आणि मग समोरच्या तटावर जलूद दिसतं. तिथून 1978 पासून इंदूरला पाणी येतं, सत्तर किलोमीटर, घाट चढून. चार दिवस चालून झाल्यावर हे कळतं तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही, पण घरी येऊन मी भांडी घासताना नळ बंद करायला लागले, हे आमच्या ह्यांच्याही लक्षात आलं.

शेवटी नावडातोडीहून होडीने महेश्वर. परिक्रमेतल्यांना नदी ओलांडायची नसते. आपली नुसती पदयात्रा, आपण ओलांडू शकतो. हे नावडातोडी म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांनी 1950 च्या दशकात उकरलेलं, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. आम्हाला तेव्हा त्याचं काही नव्हतं, आम्हाला समोरचा अहिल्याबाईंचा घाट आणि त्याच्या पायऱ्या दिसत होत्या. किती पायऱ्या आहेत हे एक जण मोजत होती आणि बाकीच्या तिला गप्प बसवत होत्या.

रात्रीचं थोडक्यात. हॉलमध्ये ओळीने गाद्या, चौदा जणींत पाच घोरणाऱ्या. कानात घालायचे बोळे न्या. जेवण साधं, ज्वारीची किंवा मक्याची रोटी, तुरीची डाळ, अंबाडीची भाजी. मिरची निमाडची आहे, जपून.

काठी एक पुरते, उतारावर उपयोगी. नवीन कपडे घेऊ नका, जुने सुती सलवार-कुडते उत्तम, जीन्स अजिबात नको.

बूट मात्र या रविवारीच घ्या, निघायच्या आठवड्यात नाही. संध्याकाळी दुकानात जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. चालताना घालणार तेच जाड मोजे घेऊन जा. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. दुकानदार 'घालून घालून सैल होईल' म्हणाला तर एक नंबर मोठा मागा.