‘यशस्वी पदार्पण अल्बम’ म्हणावं का?

परभणीहून एकानं विचारलंय: पर्ल जॅम या ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडबद्दल लिहिताना ‘टेन हा त्यांचा यशस्वी पदार्पण अल्बम’ असं लिहिलं, बहिणीनं ते खोडून ‘पहिले पदार्पण’ केलं. बरोबर कोण?

मला दोन्ही पटत नाहीत. पदार्पण म्हणजे पाऊल ठेवणं. ‘कसोटी पदार्पणात शतक’ चालतं, कारण पाऊल ठेवणारा खेळाडू असतो. अल्बम कुठं पाऊल ठेवतो? वापरायचंच तर निदान ‘पदार्पणाचा अल्बम’ म्हणा. आणि बहिणीचं ‘पहिले’ तर उगाच. पदार्पण दुसऱ्यांदा होत नाही.

शिवाय पदार्पण कुणाचं, हेही इथं सरळ नाही. पर्ल जॅमचे स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट हे दोघं आधी ग्रीन रिव्हर, मग मदर लव्ह बोन या सिअ‍ॅटलच्याच बँडमध्ये होते. मदर लव्ह बोनचा गायक अँड्र्यू वूड १९९० मध्ये वारला, बँड मोडला, आणि या दोघांनी पुढं गायक एडी वेडर वगैरेंना घेऊन नवा घाट घातला. बँड नवा, माणसं मुरलेली.

मी लिहीन: ‘पर्ल जॅमचा पहिलाच अल्बम गाजला.’ नुसतं ‘पहिला अल्बम गाजला’ म्हटलं तर पुढचे पडले की काय, अशी शंका येते. ‘च’ लावला की सगळं कौतुक त्यात येतं, ‘यशस्वी’ची गरजच उरत नाही.

‘पहिल्याच दणक्यात गाजला’ मात्र नको. टेन २७ ऑगस्ट १९९१ ला आला तेव्हा फारसा उठाव नव्हता. खप वाढला तो १९९२ मध्ये. बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि अमेरिकेत पुढं १ कोटी ३० लाखांवर प्रती गेल्या. याला दणका कसा म्हणायचं?

‘बोहनी’ चालेल का, असंही विचारलंय. मोंढ्यात रोज ऐकू येणारा हा शब्द (पुण्याकडं ‘भवानी’) मला फार आवडतो. पण ती दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाची, उद्या सकाळी पुन्हा होणारी. गमतीच्या लेखात खुशाल वापरा, बातमीत नको.

आणि हौसेनं ‘टेन’चं ‘दहा’ करू नका. तो बास्केटबॉलपटू मूकी ब्लेलॉकच्या जर्सीवरचा आकडा आहे; बँडनं आधी स्वतःचं नावही त्याच्याच नावावरून ठेवलं होतं.