रोमन नाणे ओळखावे कसे आणि घरी साफ करावे का?

तुमच्या मामांनी "दुर्मिळ" म्हणून लंडनहून आणलेले हिरवे पडलेले रोमन नाणे कोणाचे हे कसे ओळखावे, आणि ते व्हिनेगरने साफ केले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिनेगरने अजिबात चालणार नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे एक नाणे त्यापायी गेले आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. येथे साफ न केलेली रोमन नाणी विक्रेते घाऊक विकतात. मातीने माखलेल्या अशा वीस-पंचवीस नाण्यांत बहुतेक चौथ्या शतकातली, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याची असतात, आणि त्यांच्या मागे दोन सैनिक व मध्ये निशाण असा छाप असतो. मी घेतलेल्या पिशवीत मात्र एक नाणे निराळे होते. पुढच्या बाजूस जाड मानेचा, दाढीवाला, किरणांचा मुकुट घातलेला चेहरा होता, आणि मागे पुढून बोकड व मागून मासा असा प्राणी होता, जो आपण राशिभविष्याच्या सदरात मकर म्हणून पाहतो. मकर हे दुसऱ्या ऑगस्टा लीजनचे, म्हणजे रोमन सैन्याच्या एका पलटणीचे, चिन्ह होते आणि चेहरा कॅरॉसिअसचा होता. हा आरमाराचा सेनापती. चाच्यांकडून परत मिळवलेली लूट स्वतःकडे ठेवल्याचा ठपका आला आणि सम्राट मॅक्सिमियनने त्याच्या वधाचा हुकूम काढला, तेव्हा त्याने 286 साली स्वतःलाच सम्राट जाहीर केले. 293 मध्ये त्याच्याच हाताखालच्या अलेक्टसने त्याला मारेपर्यंत ब्रिटन त्याच्या ताब्यात होते. त्याची शांतिदेवतेची नाणी पुष्कळ सापडतात, लीजनची चिन्हे असलेली त्या मानाने फारच थोडी.

मी नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि संग्रहालयात दाखवायचे ठरवले. त्याच आठवड्यात माझे सासरे सांगलीहून आले. अण्णांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे. नाणे हातात घेऊन ते म्हणाले, "अगं, हे तर तांब्याचं कार्बोनेट आहे. आम्लात विरघळतं, नववीच्या पोरालाही ठाऊक असतं. म्युझियमवाले तरी याहून वेगळं काय करणार?" मी आधी दाखवून येते असे म्हणाले, पण ते पुरेशा जोराने म्हणाले नाही, कारण घरात अण्णांच्या विषयात अण्णांना विरोध करण्याची पद्धत नव्हती. रात्री त्यांनी वाटीत व्हिनेगर घेतले, त्यात चमचाभर मीठ घातले आणि नाणे बुडवून ठेवले. सकाळी ते चिंचेने घासलेल्या तांब्यासारखे लख्ख झाले होते. मकराच्या जागी एक उंचवटा उरला होता आणि लीजनच्या नावातले एकच अक्षर वाचता येत होते.

अण्णांचे रसायनशास्त्र बरोबर होते, चूक होती ती "थर म्हणजे मळ" या समजुतीत, आणि त्यावरून आमचा वाद आजही चालतो. सतराशे वर्षे जमिनीत राहिलेल्या तांब्या-कथलाच्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग धातूत राहिलेला नसतो, तो गंजाच्या थरातच शिल्लक असतो. डोळा, केस, अक्षरांच्या कडा हे सारे त्या हिरव्या-तपकिरी कवचात असते आणि आतला धातू खडबडीत, खाल्लेला असतो. भांड्यावरचे कीट काढले की भांडे उरते, पण नाण्यावरचा थर काढला की नाणेच जाते. शिवाय त्या काळातल्या पुष्कळ नाण्यांवर चांदीचा पातळ मुलामा असतो, आणि आम्लाच्या वाटीत तोही टिकत नाही.

मिठाचा परिणाम दोन महिन्यांनी दिसला. चकचकीत तांब्यावर फिकट हिरव्या पुडीचे ठिपके उठू लागले. क्लोराइड धातूत शिरले की हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळताच हा रोग सुरू होतो आणि नाणे आतून पोखरत जातो. संग्रहालयातील बाईंनी ठिपके पाहून पहिला प्रश्न विचारला, "मीठ घातलं होतं का?" अण्णा म्हणतात की क्लोराइड मातीतूनच आले असणार. मातीतून ते येते हे खरे आहे, पण चमचाभर मीठ वाटीत कोणी घातले हेही खरे आहे. संग्रहालयातील बाईंनी उरलेल्या नाण्याची ओळख पटवली ती माझ्या आधीच्या फोटोंवरून.

आता तुमच्या नाण्याकडे वळते. प्रथम ते काट्यावर ग्रॅमच्या शतांशापर्यंत तोला, व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डोक्यावर काय आहे ते पाहा. किरणांचा मुकुट तिसऱ्या शतकातल्या नाण्यांवर फार दिसतो. मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी असेल तर कॉन्स्टंटाइनच्या काळापासून पुढे शोधा. पानांचा मुकुट सर्वच काळात असल्याने त्यावरून फारसे ठरत नाही. लेखात व्ही हे अक्षर यू साठीही येते हे लक्षात ठेवा आणि सम्राटाच्या नावाची तीन-चार अक्षरे लागली तरी पुरे समजा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ऑनलाइन सूचीत तेवढ्यावरून शोध घेता येतो. मागील बाजूस खाली टांकसाळीची अक्षरे असतात, ती चुकवू नका. मामांचा "दुर्मिळ" हा शब्द तूर्त बाजूला ठेवा, कारण लंडनहून येणारी हिरवी नाणी बहुधा त्या दोन सैनिकांचीच असतात.

साफ करायचेच असेल तर डिस्टिल्ड पाणी, लाकडी दातकोरणी आणि वेळ यांपलीकडे काही वापरू नका. पाणी दर काही दिवसांनी बदला, सुटी झालेली मातीच तेवढी काढा आणि कोरणीला थर लागला की थांबा. मातीलाही अर्थ असतो, हे अण्णांना मी फ्रोमच्या रांजणावरून सांगत असते. 2010 साली सॉमरसेटमध्ये एका हौशी शोधकाला 52,503 नाण्यांचे मडके लागले. त्याने स्वतः उपसा न करता पुरातत्त्वज्ञांना बोलावले, आणि थराथराने काढल्यामुळेच कळले की सर्वांत उशिराची, म्हणजे कॅरॉसिअसची, बरीचशी नाणी मडक्यात वरती नसून खालच्या बाजूला होती. वर्षानुवर्षे भर घातलेली पुंजी अशी रचलेली नसते.

हे सारे तांब्या-कथलाच्या नाण्यांविषयी झाले. चांदीचे जुने नाणे ठिसूळ असू शकते, ते घासू नका आणि बेकिंग सोडा व ॲल्युमिनियमच्या कागदाचा प्रयोगही करू नका. तुमच्या नाण्यावर फिकट हिरवी पूड सुटत असेल, तर मात्र घरी सावकाश साफ करण्याचा माझा सल्ला लागू नाही. ते सिलिका जेलसह कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवून संवर्धकाकडे लवकर न्या. ते थांबून चालत नाही, असे अण्णा तेव्हाही म्हणत होते, आणि तेवढ्यापुरते त्यांचे बरोबर होते. नाणे मामांकडे लंडनला परत पाठवू नका, कारण भारताच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातही ते ठेवू नका.

फोटो आणि वजन येथे टाकलेत तर मी पाहीन. मागच्या बाजूला मकर निघाला तर आधी मला कळवा, व्हिनेगरची बाटली नंतर शोधा.