आजोळी सापडलेल्या सरळ पात्याच्या लष्करी तलवारीवर मुकुट, जी आर आय ही अक्षरं आणि सहा टोकांचा तारा आहे, ती ज्यू लोकांची आहे का?

नाही, त्या ताऱ्याचा धर्माशी काही संबंध नाही. तुम्ही सांगताय ते सरळ पातं, मुकुट आणि अक्षरं यावरून ही ब्रिटिश अमदानीतल्या ऑफिसरची परेडची तलवार वाटते.

ताऱ्याच्या मधोमध बघा, पितळेची छोटी गोल टिकली बसवलेली असेल. लंडनच्या विल्किन्सन कंपनीने १८४० च्या दशकात ही पद्धत सुरू केली, पातं वाकवून आणि ठोकळ्यावर आपटून बघायचे आणि टिकलं तरच ही टिकली, म्हणजे सोन्यावरच्या हॉलमार्कसारखंच. पण पुढे इतर कंपन्यांनीही तसाच तारा वापरला, त्यामुळे नुसता तारा बघून विल्किन्सनची आहे म्हणू नका, मुठीजवळ दोन्ही बाजूंनी नाव शोधा. कधी कधी तिथे लष्करी युनिफॉर्म शिवणाऱ्या दुकानाचं नाव असतं, कारण ऑफिसर स्वतःच्या पैशाने तलवार घ्यायचे आणि बरेचदा कपड्यांसोबत तिथूनच घ्यायचे. लोक तेच मालकाचं नाव समजतात. मालकाची खूण वेगळी, पात्यावर कुठे सुटी आद्याक्षरं कोरलीत का बघा.

जी आर आय म्हणजे लॅटिनमध्ये जॉर्ज रेक्स इम्परेटर, राजा आणि सम्राट जॉर्ज. सम्राट हिंदुस्थानचा, १९४८ मध्ये ती पदवी सोडली. राजाची अक्षरं का तर ऑफिसरला कमिशन (म्हणजे अधिकारपदाची नेमणूक) राजाच्या नावाने मिळायचं, म्हणून ती तलवारीवर. आता हा पाचवा जॉर्ज (१९१० ते १९३६) की सहावा, हे नुसत्या मुकुटावरून कळत नाही कारण दोघांच्या काळात मुकुट एकाच घडणीचा होता. १९५० ला आपण प्रजासत्ताक झालो आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

बाकी खुणा पण तपासा. दोर गुंडाळलेला नांगर असेल तर नौदल, मुठीच्या आडव्या दांडीवर तलवार आणि बॅटन (अधिकाराची आखूड काठी) यांची फुली असेल तर जनरल दर्जाचा अधिकारी. तलवार धरलेली खार दिसली तर जर्मनीतल्या झोलिंगेनची आइकहोर्न कंपनी.

आणि एक कळकळीने सांगतो, पॉलिश पेपर किंवा चिंच-मीठ काहीही लावू नका!! ही नक्षी छिन्नीने खोदलेली नसते, पात्यावर अ‍ॅसिड न लागणारा लेप देऊन उघड्या ठेवलेल्या जागेवर अ‍ॅसिडने खाल्लेली असते, खोली अगदी कमी, दोनदा घासलं तरी फिकी पडते आणि मग परत येत नाही. बरेच जण इंग्रजांची खूण नको म्हणून मुकुट मुद्दाम खरवडतात, ते बघून फार वाईट वाटतं, कारण ती तलवार कुणाची, कधीची हे सांगणारा पुरावाच जातो. मऊ सुती कापड आणि मशीनचं हलकं तेल बास. चामड्याचं म्यान असेल तर पातं त्यात कायम ठेवू नका, गंज चढतो.

राहिला प्रश्न कुठला जॉर्ज याचा. पातं विल्किन्सनचं निघालं तर मुठीजवळ पात्याच्या जाड पाठीवर बारीक नंबर आहे का बघा, तिरप्या उजेडात दिसतो. त्या कंपनीच्या जुन्या वह्या बऱ्याच शिल्लक आहेत, नंबरवरून वर्ष निघतं आणि कधी कधी पहिल्या मालकाचं नावसुद्धा. नंबर सापडला तर इथेच कमेंटमध्ये टाका.