‘मले’ म्हटलं की वर्ग हसतो

(वाचकांचे प्रश्न. उत्तर देणाऱ्या बाई पुण्यात विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात २२ वर्षं रेक्टर होत्या.)

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याजवळच्या गावची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. यंदा एमएस्सीसाठी पुण्यात आले. पहिल्याच आठवड्यात ‘सर, मले नाही समजलं’ म्हणाले आणि वर्ग हसला. सरही हसले. तेव्हापासून काही मुलं मला ‘मले’ अशीच हाक मारतात. फीच्या खिडकीवर तर ‘स्कॉलरशिपवाले बाजूला उभे राहा’ असं सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. आता मी वर्गात तोंड उघडत नाही. मेसमध्येसुद्धा सगळ्या उठून गेल्यावर जाते. घरी सांगितलं तर बाबा म्हणतील, ये निघून. जावं का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नको जाऊस, बाळा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ताटापाशी थांबले. एकटीनं गार वरण जेवणाऱ्या मुली मी खूप पाहिल्यात. घरी निघून गेलेल्या मुलींमध्ये त्याच जास्त होत्या. म्हणून अभ्यासाचं नंतर बोलू, आधी जेवणाचं. उद्यापासून मेस उघडते त्या वेळेला जा. कुणाशी बोलायलाच हवं असं नाही. पोळ्या वाढणाऱ्या मावशींना ‘आज भाजी कशाची?’ एवढं विचारलंस तरी पुरे. पुण्याच्या वरणात गूळ असतो, तो पहिले काही महिने घशाखाली उतरत नाही, हे तुझ्याकडच्या कित्येक मुलींनी मला सांगितलंय. घरून तिखट मागवून घे.

आता ‘मले’चं. तुझी बोली वऱ्हाडी आहे. मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे, ते लीळाचरित्र तेराव्या शतकात वऱ्हाडातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं, आणि मराठी भाषेचं विद्यापीठही आता तिथंच झालंय. हसणाऱ्यांना हे ऐकवून दाखव असं मी म्हणत नाही. तुला ठाऊक असावं म्हणून सांगितलं. त्या सरांना मात्र भेट. वर्गात नको, त्यांच्या खोलीत, आणि बरोबर एखादी मैत्रीण असू दे. ‘सर, त्या दिवशी तुम्हीही हसलात, तेव्हापासून मी प्रश्न विचारायचं सोडलंय’ एवढंच सांग. माझा अनुभव असा की शिक्षकाला असलं हसू आठवतही नाही, आणि सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो. शिक्षकानं एकदा भर वर्गात तुला तुझ्या खऱ्या नावानं हाक मारून प्रश्न विचारला, की टोपणनावाचा जोर निम्मा कमी होतो.

ते ऐकून घेत नसतील तर दुसरी वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ साली समतेचे नियम केले. वर्गात कुणाची जात, जमात, धर्म किंवा प्रदेश जाहीर करणं, कुणावर ‘राखीव जागेचा’ असा शिक्का मारणं, हा त्या नियमांत भेदभाव म्हटलेला आहे. समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमण्याचंही त्यात आहे. तुझ्या विद्यापीठात तो अधिकारी कोण, हे विचारून घे. खिडकी म्हणजे वर्ग नव्हे, हे खरं. पण रांगेतून मुलं वेगळी काढून उभी करणं त्याच प्रकारचं आहे, आणि तक्रारीत तसं लिहायला तू कचरू नकोस. तारीख, वेळ, शब्द काय होते, जवळ कोण उभं होतं, एवढं आजच वहीत लिहून ठेव.

खिडकीचा विषय निघालाच आहे तर माझीच एक चूक सांगते. मी रेक्टर झाले तेव्हा शिष्यवृत्तीची यादी नोटीस बोर्डावर लागायची : नाव, पुढं प्रवर्ग. सहा वर्षं मी ती यादी स्वतःच्या सहीनं लावली. एका मुलीनं एकदा रात्री तो कागद फाडला. मी तिला दंड करायला निघाले होते. ती म्हणाली, ‘मॅडम, माझी रूममेट मला त्या यादीवरून ओळखते.’ दुसऱ्या दिवसापासून यादीत फक्त नोंदणी क्रमांक राहिले. खर्च शून्य, कुणाची परवानगी लागली नाही. सहा वर्षांत हे मला सुचलं नाही याचं दुःख आजही आहे. तुमच्या खिडकीवरच्या माणसालाही बहुधा कुणी सांगितलेलं नसेल. म्हणून तक्रार करशील तेव्हा तिच्यात पर्यायही लिही : अर्ज सगळ्यांचे एकाच रांगेत, कागद तपासणी आत टेबलावर.

आणखी एक गोष्ट, मला वाटतं हीच मोठी. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही स्वागत समारंभ करायचो. गुलाबाचं फूल, पेढा, भाषण. दुसऱ्या दिवशी घाबरलेली मुलगी तितकीच घाबरलेली असायची. फरक पडला तो कामानं. मेसच्या खरेदीला दर महिन्याला पहिल्या वर्षाच्या दोघींना मॅनेजरबरोबर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाठवायचं असं आम्ही ठरवलं. नंदुरबारची एक मुलगी होती, तीन महिने कुणाशी बोलली नव्हती. तिनं मिरचीच्या पोत्यात हात घातला आणि म्हणाली, ही ओली आहे, घेऊ नका. नंदुरबार मिरचीचं गाव! व्यापाऱ्यानं मुकाट्यानं दुसरं पोतं काढलं. त्या रात्री ती मेसमध्ये मधल्या टेबलावर बसली होती, आणि मुली तिला मिरची कशी ओळखायची ते विचारत होत्या.

भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, आळीपाळीनं स्वयंपाक करायची, राबायची. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या घराला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथली मुलं पाहुणी नव्हती, चूल त्यांची होती. तूही पाहुणी राहू नकोस. मेस समिती, प्रयोगशाळेतली मांडणी, ‘कमवा आणि शिका’तलं ग्रंथालयाचं काम, जे मिळेल ते माग. आणि मला पुन्हा लिही.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर शिकवतो, सातवं वर्ष. वेळापत्रकात माझ्या नावाच्या जागी ‘सीएचबी २’, म्हणजे तासिकावाला क्रमांक दोन, असं असतं. स्टाफरूममध्ये ठरलेली खुर्ची नाही. विभागाच्या बैठकीला बोलावत नाहीत. मुलांना आपलेपणा वाटावा म्हणून परवा परिपत्रक आलं, त्यावरही सही माझी घेतली.
— एक प्राध्यापक, मराठवाडा

उत्तर : सर, तुमचा राग रास्त आहे. ज्याला सुट्टीत पगार नाही, पुढच्या जूनची खात्री नाही, त्यानं मुलांना ‘हे तुमचंच आहे’ म्हणून सांगायचं, हे मागणंच अवघड आहे. यावर कायम नेमणुकीशिवाय दुसरा इलाज नाही. खुर्ची मिळाली म्हणून तो प्रश्न सुटला, असं मी म्हणणार नाही.

तरी तीन गोष्टी विभागप्रमुखांकडे लेखी मागा. वेळापत्रकात पूर्ण नाव, कपाटातला एक कप्पा, आणि अभ्यासक्रमावरच्या बैठकीचं बोलावणं. शक्य असेल तर विभागातल्या सगळ्या तासिकावाल्यांनी एकाच कागदावर सह्या करा, एकट्याचा अर्ज बाजूला पडतो. हे पत्र एखाद्या विभागप्रमुखांच्या वाचनात आलं, तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. नाव टाकायला मंजुरी लागत नाही. मुलं सगळं पाहतात. ज्या शिक्षकाला आपण नाव देत नाही त्याच्या तासाला मुलं गैरहजर राहतात, आणि मग त्याच्यावरच ठपका येतो.

आमच्या वसतिगृहात रात्रपाळीच्या सुरक्षारक्षक बायका कंत्राटदाराची माणसं म्हणून पायरीवर डबा खायच्या. त्यांची नावं मेसच्या यादीत घालायला मला दोन वर्षं भांडावं लागलं. त्यानंतर मुली रात्री काही झालं तर आधी त्यांच्याकडे धावत, मग माझ्याकडे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

प्रश्न : मुलीची दृष्टी फार कमी आहे, बीएला प्रवेश घेतला आहे. परीक्षेच्या वेळी कुणाला भेटू?
— एक वडील, कऱ्हाड

उत्तर : परीक्षेची वाट पाहू नका, याच आठवड्यात भेटा. लेखनिक (मुलगी सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती) आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास, हे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना मिळतं. अर्ज आधी द्यावा लागतो आणि लेखनिक शोधायला दिवस जातात. पण परीक्षा वर्षातून दोनदाच येते, तास रोज असतात. प्रत्येक शिक्षकाकडून नोट्स मोबाइलवर ऐकता येतील अशा फाइलमध्ये मागा, आणि फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचत जा, एवढी विनंती करा. भेटायला मुलीलाच पुढं करा, बोलू दे तिला. तुम्ही बाहेर बाकावर बसा.