भागीदाराचा कॅन मागवून घे

प्रिय मुली,

पेंढ्यापासून इथेनॉल करायच्या प्रकल्पात जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) म्हणून रुजू झाल्याचं तुझं पत्र मिळालं, फार आनंद झाला. तीन संस्था, एक कंपनी आणि केंद्राचा निधी, म्हणजे प्रकल्प मोठा आहे. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. पेंढा शिजवणाऱ्या भागीदार संस्थेला फोन कर आणि शिजवल्यावर निघणारा त्यांचा खरा साखरेचा द्रव पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून मागवून घे. ती साखर आंबवून इथेनॉल करणाऱ्या यीस्टचे प्रयोग त्यानंतर लाव.

हे मी पोळल्यावर सांगते आहे. आमच्या एका प्रकल्पात एक गट भाताचा पेंढा सौम्य सल्फ्युरिक आम्लात वाफेवर शिजवायचा. त्यांचे साखरेचे आकडे उत्तम. आम्ही यीस्ट शुद्ध ग्लुकोजवर वाढवायचो, आमचेही आकडे उत्तम. दोन वर्षं आढावा बैठकीत दोघांनाही शाबासकी मिळाली. तिसऱ्या वर्षी त्यांचा कॅन आला. झाकण काढलं तर आत काकवीसारखा काळपट द्रव, आणि नाकात झोंबणारा व्हिनेगरचा वास. यीस्ट टाकलं. दुसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये एक बुडबुडा नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शिजवताना थोड्या साखरेचं फरफ्युरल झालं होतं, पेंढ्यातल्या हेमिसेल्युलोज या घटकातून अॅसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं आम्ल) सुटलं होतं, आणि दोन्ही यीस्टला मारक. शिवाय त्यातली बरीच साखर झायलोज, जी पाव फुगवणारं नेहमीचं यीस्ट आंबवतच नाही. हे सगळं पुस्तकांत होतं. आम्ही एकमेकांना विचारलं नव्हतं, एवढंच.

जोडलेल्या कामातून काय उभं राहतं, ते माटुंग्यात बघ. आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये ऊर्जा-जैवविज्ञान केंद्र सुरू केलं. तिथलं तंत्र पुढे उत्तराखंडातल्या काशीपूरला, इंडिया ग्लायकॉल्सच्या आवारात, रोज १० टन बायोमास (पेंढ्यासारखा शेतातला काडीकचरा) वापरणाऱ्या प्रात्यक्षिक प्रकल्पापर्यंत पोहोचलं. २०१६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. सरकारी पैसा लागतो तो याच टप्प्यावर. फ्लास्कमधलं जमलेलं असतं, पण कारखान्याच्या आकारात ते जमेल याची खात्री नसते, आणि एकटी कंपनी तेवढी जोखीम घेत नाही. अशा इथेनॉल प्रकल्पांसाठीच्या २०१९ च्या पंतप्रधान जी-वन योजनेत १,९६९.५० कोटी रुपये ठेवले गेले, त्यात व्यापारी प्रकल्पांबरोबर १० प्रात्यक्षिक प्रकल्पही धरले होते, ते याच कारणासाठी. पुण्याच्या प्राज कंपनीचं तंत्र वापरून पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा प्रकल्प २०२२ मध्ये उभा राहिला, तो या वाटेवरचा पुढचा टप्पा.

एकदा पेंढ्याच्या गंजीपाशीही जाऊन ये. लॅबमध्ये तुला वाळवून, दळून, चाळून दिलेला नमुना मिळेल. खऱ्या गाठोड्यात माती असते, खडे असतात, एका बाजूने भिजून काळा पडलेला थर असतो. पेंढ्यात राख १५ टक्क्यांच्या आसपास, आणि तिच्यात बहुतेक सिलिका, म्हणून कटरची पाती भराभर झिजतात. ते पातं हातात घेऊन बघ. विदर्भातली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि आपल्याकडचं उसाचं पाचट यांच्या तऱ्हा पुन्हा वेगळ्या. एकावर बसलेली रीत दुसऱ्यावर जशीच्या तशी चालेल, असं धरून चालू नकोस.

आकडे जुळवताना एक गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरवून घे: उतारा कशावर मोजायचा, ओल्या वजनावर की कोरड्या? आमच्याकडे दोन गट दोन पद्धतींनी मोजत होते आणि तक्ते जुळेनात, त्यात महिना गेला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ३१ मार्चपर्यंत खर्चाचा हिशेब आणि यूसी (निधी वापरल्याचं प्रमाणपत्र) तयार नसेल तर पुढचा हप्ता अडतो, आणि अडला की तुझी फेलोशिपही लांबते. दोन-तीन महिन्यांचं घरभाडं बाजूला ठेव. लेखा विभागातल्या माणसांशी नीट बोलत जा, त्यांना तुझं काम समजावून सांग. मनापासून सांगितलंस तर ती खूप मदत करतात.

कॅन आला की आधी पीएच बघ, थोडा द्रव लगेच फ्रीझरमध्ये ठेव, आणि उरलेल्यात यीस्ट लाव. वाढलं नाही तरी आकडे त्याच दिवशी वहीत लिही आणि भागीदारांना पाठव. मलाही पाठव, मी वाट बघते.

अनेक आशीर्वाद,
तुझ्या मॅडम