आत्मा अमर असेल, तर दहाव्याला कावळा शिवायची वाट का बघतात?

तुमचं म्हणणं असं : गीता सांगते की आत्मा मरत नाही, जुने कपडे टाकून नवे घालावेत तसा तो देह बदलतो. मग दहा दिवस पिंड कुणासाठी, आणि कावळा शिवला नाही की सगळ्यांचे चेहरे का उतरतात? अगदी हाच प्रश्न मला वडिलांच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पडला होता. मी काही शास्त्री नाही. तेव्हापासून जे वाचत गेलो त्यातून लागलेला उलगडा सांगतो.

हे विधी आत्म्यासाठी नाहीतच, जिवासाठी आहेत. आपली भाषा हा फरक बरोब्बर पाळते. माणूस मेला की आपण 'जीव गेला' म्हणतो, 'आत्मा गेला' कुणी म्हणत नाही. जीव अडकतो, घुटमळतो, कुणावर तरी जडतो. आत्म्याला यातलं काहीच जमत नाही. 'नैनं छिन्दन्ति'च्या लगेच पुढच्या श्लोकात गीता त्याला सर्वगत आणि अचल म्हणते. जो आधीच सगळीकडे आहे, तो जाणार कुठे? त्या हिशेबाने चौकातल्या फ्लेक्सवरचं 'मृतात्म्यास शांती लाभो' दोनदा चुकतं : आत्मा मृत नसतो आणि अशांतही नसतो. (चहाचा पहिला घोट घेतल्यावर आपला आत्मा शांत होतो, ती गोष्ट वेगळी.)

मग जातं ते काय? वेदान्तात देह एकच नाही. चितेवर जळतो तो स्थूल देह. त्याच्या आत सूक्ष्म किंवा लिंगदेह : पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी, असा 17 जणांचा संसार. तो चितेत जळत नाही. पंधरावा अध्याय अनेक घरांत पाठ असतो, पण त्यातल्या आठव्या श्लोकापाशी थांबतं कोण? वारा फुलांवरून जाताना वास उचलून नेतो, तसा जीव इंद्रियं आणि मन घेऊन निघतो, असं तिथे म्हटलंय. फूल मागे राहतं, वास पुढे जातो. म्हणजे आवडीनिवडी, राग, अर्धवट राहिलेली कामं, सगळं बरोबर.

आता घाटावरचं बघा. स्मशानात कर्ता खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरतो आणि प्रत्येक फेरीला त्या मडक्याला एका दगडाने भोक पाडतात. तो दगड फेकत नाहीत. शास्त्रात त्याला अश्मा म्हणतात, आपण जीवखडा. दहा दिवस त्याच्यावर तिळाचं पाणी सोडायचं. आमचा जीवखडा लिंबाएवढा होता, एका बाजूने खडबडीत. अण्णांसारख्या सहा फुटी माणसाचा सगळा कारभार त्या खड्यावर आलेला बघताना मला गीता बिलकुल आठवली नाही.

पिंडांचा हिशेब गरुडपुराणात आहे. देह जळाल्यावर जिवाला टेकायला काही उरत नाही, म्हणून रोजच्या पिंडातून त्याचा हातभर लांबीचा नवा देह घडतो. पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, असं करत नवव्याला पाय. आणि दहाव्याला? भूक आणि तहान. नेमका त्याच दिवशी आपण कावळ्याने खावं म्हणून ताटकळतो. या दोन गोष्टींचा संबंध मी माझ्यापुरता लावलाय, पण मला तो पटतो.

याची उलट बाजू म्हणजे संन्यासी. संन्यास घेतानाच तो स्वतःचं श्राद्ध स्वतः उरकतो. म्हणून मागाहून त्याला पिंड नाही, चिताही नाही, समाधी देतात. त्याच्या बाबतीत मागे अडकायला काही उरलंच नाही असं धरतात. तुम्हाला दिसलेली विसंगती परंपरेलाही दिसली होती, असा मी याचा अर्थ घेतो. चार्वाकांना तर यातलं काहीच मान्य नव्हतं. राख झालेला देह परत कुठून येणार, असं ते सरळ विचारत. कधीकधी मीही त्यांच्या बाजूचा असतो.

त्या दिवशी मात्र नव्हतो. पाऊण तास झाला तरी कावळे नुसते कठड्यावर बसून. काकांनी सांगून पाहिलं, आत्या रडून बोलली, 'दादा, वहिनीला आम्ही सांभाळू.' काही नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसणार, तेवढ्यात, आदल्याच रात्री भावाला दुसरा अध्याय समजावून सांगणारा मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, 'अण्णा, घर विकणार नाही.'

कावळा शिवला. घर आम्ही सहा वर्षांनी विकलं. आत्म्याला त्याचं काही वाटण्याचा प्रश्नच नाही. अण्णांचं सांगता येत नाही.